हळदीची नवरी निळी काऊन झाली: गावातल्या नवीन एडिटरसाठी कलर ग्रेडिंग, पहिल्यापासून

मे महिना, बाहेर ४४-४५ डिग्री, आणि मी ज्यांच्या घरच्या लग्नाचा व्हिडिओ बनवला होता त्यांच्याच ओसरीत बसून चहा पिऊन राह्यलो होतो. आत टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला, हळदीचा सीन सुरू झाला आणि नवरीचे मामा दारातूनच म्हणाले, "काय हो भाऊ, आमची पोरगी काय बर्फावर बसवली होती काय?" पाहतो तं खरंच, नवरी निळी, करवल्या निळ्या, हळदीचा रंग असा की कोणी त्यात नीळ कालवली वाटावं. आदल्या रात्री दोन वाजता माझ्या लॅपटॉपवर हेच सगळं सोन्यासारखं चमकून राह्यलं होतं.

कारण सापडायला दोन दिवस गेले. लॅपटॉपमध्ये नाइट लाइट नावाची सेटिंग असते, संध्याकाळ झाली की स्क्रीन आपोआप पिवळसर होते, डोळ्यांना त्रास नको म्हणून. मी रात्री काम करत होतो, स्क्रीनच पिवळी, मला वाटलं फुटेज पिवळं आहे, म्हणून मी निळा वाढवत गेलो, वाढवत गेलो, स्क्रीनवर बराबर दिसेपर्यंत वाढवला. फुटेजची काही चूकच नव्हती. आपल्याकडचे पोट्टे एडिटिंग शिकले की पहिल्याच दिवशी यूट्यूबवरून लट (LUT, म्हंजे रंगाचा तयार तक्ता) डाउनलोड करून टाकतात, मी बी तेच केलं होतं, पण रंगाच्या कामात डोळा हा सगळ्यात लबाड गडी आहे, त्याच्या भरवशावर राहायचं नाही, हे मला कोणी सांगतलं नव्हतं. म्हणून हा लेख, कलर ग्रेडिंगचा, म्हंजे व्हिडिओचा उजेड आणि रंग बसवायचा.

मी डाविंची रिझॉल्व्ह वापरतो, ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनीचं सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळते आणि फुकटवाल्यात रंगाची जवळपास सगळी हत्यारं असतात. पैसे भरून स्टुडिओ व्हर्जन घेतलं तं नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे कमी करणं), मॅजिक मास्क (माणूस आपोआप निवडणं) असलं मिळते, सुरुवातीला त्याच्यावाचून काही अडत नाही. तुम्ही दुसरं काही वापरत असाल, मोबाइलवर करत असाल तरी बटनांची नावं बदलतील, हिशेब हाच. उदाहरणाला एकच क्लिप घेतो, हळदीची, सकाळी अकराची, लाल-पिवळ्या कपड्याच्या मांडवाखालची. तीच शेवटपर्यंत नेऊ.

पहिले खोली आणि स्क्रीन

नाइट लाइट बंद. मोबाइलवर काम असेल तं आय कम्फर्ट, रीडिंग मोड जे काय असेल ते बंद, आणि डिस्प्लेमध्ये व्हिविड असेल तं नॅचरल करा, कारण व्हिविडमध्ये सगळेच रंग भडक दिसतात, मग तुम्ही ते कमी करता आणि दुसऱ्याच्या फोनवर व्हिडिओ मेलेला दिसते. स्क्रीनचा ब्राइटनेस एकदा ठरवला की कामाच्या मधात हलवायचा नाही.

खोलीचं म्हणाल तं माझी खोली पोपटी रंगाची होती, घर बांधलं तेव्हा आईनं हौसेनं लावलेला. हिरव्या भिंतीत बसून काम केलं की डोळ्याला हिरव्याची सवय होऊन जाते आणि सगळ्या चेहऱ्यांत गुलाबी जास्त वाटते. भिंत रंगवायला पैसे नव्हते, मी लॅपटॉपच्या मागं एक करडी चादर खिळ्याला टांगली. तेवढ्यानं फरक पडते, खरंच. आणि दुपारी खिडकीतून ऊन स्क्रीनवर येत असेल तं त्या वेळी रंगाचं काम करूच नका, कटिंग करा, ऑडिओ पाहा.

लाइट जाण्याचं तं सांगायलाच नको. रिझॉल्व्हच्या प्रेफरन्समध्ये युजर, त्यात प्रोजेक्ट सेव्ह अँड लोड, तिथं लाइव्ह सेव्ह आणि प्रोजेक्ट बॅकअप दोन्ही चालू आहेत का ते आजच पाहून घ्या.

कॅमेऱ्यातच अर्धं काम

शूटिंग दुसऱ्यानं केलं असेल तं तुमच्या हातात काही नाही, पण स्वतः करत असाल किंवा कॅमेरावाल्या भावाशी बोलता येत असेल तं तीन गोष्टी. एक, ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा स्वतः रंग बसवते ते) बंद करा. मांडवात कॅमेरा लाल साडीकडे वळला की ऑटो वेगळा रंग धरते, पांढऱ्या टोपीकडे वळला की वेगळा, आणि एकाच क्लिपच्या मधात बदललेला रंग नंतर दुरुस्त करणं म्हंजे कपाळावर हात. उन्हात ५६०० केल्विनच्या जवळपास, पिवळ्या बल्बखाली ३२००, सावलीत ७००० च्या आसपास, असा आकडा हातानं टाका, थोडा चुकला तरी चालते कारण एकसारखा चुकलेला रंग एका झटक्यात सुधारते. दोन, आपल्या देशात वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० चा, उजेड जास्त असेल तं १/१०० चा, नाहीतर मंगल कार्यालयातल्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी पडद्यावर लपलप करतात आणि ते कोणत्याच ग्रेडिंगनं जात नाही. तीन, थोडं अंडर, म्हंजे काळपट, राहिलं तं चालते, पण पांढरं जाळू नका. जळालेल्या पांढऱ्यात काही शिल्लकच नसते, काढणार कुठून?

लॉगमध्ये (कॅमेऱ्याचा तो फिका मोड, ज्याचा रंग नंतर बसवावा लागते) शूट करा का, हे सगळेच विचारतात. कॅमेरा ८ बिटचा असेल तं माझं मत नको. ८ बिट म्हंजे एका रंगाच्या २५६ पायऱ्या, १० बिट म्हंजे १०२४. लॉगमध्ये सगळा उजेड मधल्या थोड्या पायऱ्यांत दाबून बसवलेला असते, तो नंतर ताणला की ८ बिटमध्ये आभाळाला पट्टे पडतात, आणि आपल्या एप्रिलच्या निरभ्र आभाळात ते पट्टे गावच्या पोरालाही दिसतात.

प्रोजेक्ट लावणे

फुटेज आत घेण्याच्या आधी प्रोजेक्ट सेटिंगमध्ये टाइमलाइनचा फ्रेम रेट २५ करून घ्या, नंतर बदलायला गेलं की डोकेदुखी. लॅपटॉप अडखळत असेल तं प्लेबॅक मेनूत टाइमलाइनचं रिझोल्यूशन अर्धं किंवा पाव करा, नाहीतर प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या नकला) बनवून जेवायला जा. पहिले पूर्ण कटिंग संपवा, गाणं बसवा, मग रंगाकडे या. मी सुरुवातीला एकेक क्लिप कापायच्या आधीच रंगवत बसायचो आणि त्यातल्या निम्म्या शेवटी उडायच्या.

मग शिफ्ट दाबून ६, की कलर पेज उघडते.

स्कोप: इथं घाई करू नका

कलर पेजवर खाली उजवीकडे स्कोपचं बटन आहे. नवीन माणसाला ते आलेख पाहून वाटते हे इंजिनिअर लोकांचं काम, आपण कायले पाहा. पण डोळा लबाड आहे म्हटलं ना, हा स्कोप म्हंजे आपला काटा. कापूस विकायला नेला की अंदाजानं विकता का? काट्यावरच घालता ना.

वेव्हफॉर्म पहिले शिका. चित्राचा डावा भाग वेव्हफॉर्मच्या डाव्या भागात, उजवा उजव्यात, आणि उंची म्हंजे उजेड. खाली ० म्हंजे एकदम काळं, वर १०२३ म्हंजे एकदम पांढरं. आपल्या हळदीच्या क्लिपमध्ये मांडवाच्या बाहेर ऊन आहे, तिथं रेघ वर जाऊन चिकटली, सपाट झाली, म्हंजे तिथलं जळालं. नवरीचा चेहरा मध्यात आहे, तो ३०० च्या आसपास पडून राह्यला. कॅमेऱ्यानं बाहेरचं ऊन पाहून सगळंच काळवंडवलं, मांडवाखालच्या शूटिंगमध्ये दर वेळी हेच होते.

दुसरा परेड. हा तोच वेव्हफॉर्म, फक्त लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे शेजारी शेजारी. पांढरी वस्तू असेल तं तिथं तिन्ही रंग सारख्या उंचीवर यायला पाहिजेत. आता इथं एक फसगत आहे, नीट ऐका. हळदीच्या क्लिपचा परेड पाहिला की लाल उंच, हिरवा उंच, निळा पार खाली बसलेला. नवीन पोरगा म्हणते, अरे निळा कमी आहे, वाढवा. अरे बाबा, पिवळा म्हंजेच लाल अधिक हिरवा, त्यात निळा कमीच राहणार! अर्धी फ्रेम हळदीनं माखली असताना तिन्ही रंग सारखे करायला गेलात तं हळदच पुसून टाकली तुम्ही. म्हणून तिन्हीची बरोबरी फक्त त्या वस्तूपुरती पाहायची जी खरंच पांढरी किंवा करडी आहे.

तिसरा व्हेक्टरस्कोप, गोल. मधातून जेवढं बाहेर तेवढा रंग गडद, आणि ज्या दिशेला तो रंग. याच्या सेटिंगमध्ये स्किन टोन इंडिकेटर चालू करा, लाल आणि पिवळ्याच्या मधात एक रेघ दिसेल. माणूस गोरा असो, सावळा असो, काळाभोर असो, चांगल्या उजेडात त्याच्या कातडीचा रंग या रेघेच्या जवळपासच येते, फरक पडते तो उजेडाच्या उंचीत, दिशेत फार नाही. हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांचे फोटो काढून रिझॉल्व्हमध्ये टाकून पाहिले होते, आजोबापासून भाच्यापर्यंत.

नोड: एका कामाला एक डबा

रिझॉल्व्हमध्ये लेअर नसतात, नोड असतात, एका मागं एक जोडलेले डबे समजा. ऑल्ट दाबून एस, नवीन नोड. पहिल्यात फक्त उजेड, दुसऱ्यात व्हाइट बॅलन्स, तिसऱ्यात सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा), चौथ्यात चेहरा, पाचव्यात स्टाइल. सगळं एकाच नोडमध्ये कोंबलं तरी चालते हो, पण तीन दिवसांनी पार्टीचा फोन आला की "साडी जरा कमी लाल करा", तेव्हा काय कुठं केलं ते सापडत नाही. कंट्रोल आणि डी नं तो एक नोड बंद-चालू होते, शिफ्ट आणि डी नं सगळं ग्रेडिंग बंद-चालू. हे दर पाच मिनिटांनी दाबायचं. बऱ्याचदा असं दिसते की आधीचंच बरं होतं.

उजेड

पहिला नोड. चार चाकं आहेत, लिफ्ट काळ्या भागासाठी, गॅमा मधल्यासाठी, गेन उजळ भागासाठी, आणि ऑफसेट सगळ्यालाच. चाकाच्या खालची आडवी पट्टी फिरवली की फक्त उजेड बदलते, गोलात ठिपका ओढला की रंग. सध्या फक्त पट्ट्या.

हळदीच्या क्लिपमध्ये मी आधी गॅमा वाढवला, चेहरा ३०० वरून ४५० पर्यंत आणला. गेन नाही वाढवला, कारण बाहेरचं ऊन आधीच वर चिकटलेलं. गॅमा वाढला की काळा बी थोडा फिका होते, केस करडे दिसतात, म्हणून लिफ्ट जरासा खाली, काळा ० ला चिकटणार नाही, ३०-४० वर राहील इतपतच. आपल्या काळ्या मातीचं हेच आहे, वावरातले शॉट असले की लोक लिफ्ट इतका खाली ओढतात की नांगरलेलं ढेकूळ दिसतच नाही, नुसता डांबरी रस्ता. भेगा, ढेकळं, ओल दिसली पाहिजे तं मातीला जीव आहे.

सावळ्या चेहऱ्याची उजेडाकडची बाजू साधारण ४०० ते ५५० मध्ये असली की मला बरी वाटते. हा माझा अंदाज आहे, नियम म्हणून भिंतीवर लिहू नका.

पिवळ्याचं एक वेगळं लफडं. एचडी व्हिडिओचं जे रेक ७०९ नावाचं मानक आहे त्यात उजेडाच्या हिशेबात हिरव्याचा वाटा जवळपास ७२ टक्के, लालचा २१, निळ्याचा फक्त ७. पिवळ्यात लाल आणि हिरवा दोन्ही, म्हंजे भडक पिवळा हा जवळजवळ पांढऱ्याएवढाच उजळ. म्हणून हळदीच्या दिवशीचे पिवळे कपडे उन्हात फटकन जळतात आणि त्यांच्यावरची चुणी, नक्षी गायब होते. अशा वेळी खालचा हायलाइट्सचा आकडा थोडा मायनसमध्ये न्या आणि कर्व्हमध्ये लम व्हर्सेस सॅट घेऊन उजळ भागातला रंग कमी करा. पूर्ण गेलेलं परत येणार नाही, पण डोळ्यांत टोचायचं थांबते.

व्हाइट बॅलन्स आणि आबांचं धोतर

दुसरा नोड. वर टेम्प आणि टिंट असे दोन आकडे आहेत. टेम्प प्लसमध्ये नेला की पिवळट, मायनसमध्ये निळसर, टिंट प्लसमध्ये गुलाबी, मायनसमध्ये हिरवा. व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर बी आहे, पांढऱ्यावर क्लिक करा, तो आपोआप बसवते.

आता फ्रेममध्ये पांढरं काय? मी आपलं पहिल्या ओळीत बसलेल्या आबांच्या धोतरावर क्लिक केलं आणि सगळी फ्रेम पिवळी होऊन गेली. का, तं गावात पांढरे कपडे धुतल्यावर नीळ देतात! ते धोतर आपल्याला पांढरंशुभ्र दिसते पण त्यात निळी झाक असते, सॉफ्टवेअर ती झाक मारायला पिवळा घालते. तेव्हापासून मी धोतर-टोपीवर ड्रॉपर टाकत नाही. खुर्चीचा स्टीलचा पाय, सिमेंटचा ओटा, चहाचा पांढरा कागदी कप, म्हाताऱ्या माणसाचे पांढरे केस, हे बरे. आणि तरी परेडवर पाहून हातानं थोडं सुधारायचं.

दुसरी अडचण मांडवाचा कपडा. लाल कपड्यातून गाळून आलेलं ऊन चेहऱ्यावर गुलाबी पडते आणि त्याच फ्रेममध्ये बाहेर साधं ऊन. एकाच टेम्पनं दोन्ही सुधारत नाही. पूर्ण फ्रेमचं गुलाबी काढायला गेलं की बाहेरचं कडुलिंबाचं झाड विषारी हिरवं. मग पॉवर विंडो लागते, म्हंजे फ्रेमचा एकच भाग आखून तेवढाच सुधारायचा, ते चौथ्या नोडमध्ये.

चेहरा

चौथा नोड. विंडोमधून गोल घ्या, चेहऱ्यावर ठेवा, कड चांगली मऊ करा म्हंजे गोल टाकल्याचं दिसणार नाही. मग ट्रॅकरमध्ये जाऊन पुढं ट्रॅक करा, कंट्रोल आणि टी, चेहरा हलला की गोल सोबत हलते. मधात कोणी हळद लावायला हात आडवा आणला की ट्रॅकर भरकटते, तिथून हातानं सरकवा लागते, कंटाळवाणं काम आहे, चहा ठेवा बाजूला. त्या गोलाच्या आत टिंट थोडा मायनस, व्हेक्टरस्कोपवर चेहरा रेघेकडे आला की थांबा. पण हळद लावलेला चेहरा रेघेच्या पिवळ्या बाजूला झुकलेलाच राहणार, राहू द्या, तीच तं हळद आहे. हळद लागायच्या आधीचा शॉट रेघेवर आणा आणि नंतरच्या शॉटला तेवढंच करेक्शन द्या.

आता ते एक वाक्य, जे प्रत्येक पार्टी म्हणते. "भाऊ, पोरीले जरा गोरं करून द्या."

मी सुरुवातीला करायचो. गॅमा वाढव, सॅच्युरेशन कमी कर, मिडटोन डिटेल मायनसमध्ये टाकून कातडी गुळगुळीत कर. काय होते, तं नवरी पिठात बुडवल्यासारखी आणि शेजारी बसलेली तिची सख्खी बहीण सावळी, तिचे हात सावळे, बापाच्या हातात हात दिला की दोन वेगळ्या माणसांचे तुकडे जोडल्यासारखे. आणि नवरी स्वतः कधीच खूश नसते हे मी पाहिलं आहे, मागायला येतात ते मामा-काका. आता मी सांगतो, "गोरी नाही, उजळ करून देतो", आणि खरंच तेवढंच करतो. चेहऱ्याच्या गोलात गॅमा थोडा वर, म्हंजे डोळे, नथ, कपाळावरची बाशिंगाची सावली दिसली पाहिजे. कातडीचा रंग आहे तोच, व्हेक्टरस्कोपवर मधापासून जेवढा दूर तेवढाच ठेवतो, फिका करत नाही. सावळ्या कातडीला शोभा येते ती चमकेनं, गालाच्या हाडावर पडलेल्या उजेडानं. ती चमक पुसली की माणूस मातीचा. अजून कोणी पैसे कापले नाहीत.

शॉटला शॉट जुळवणे

एक शॉट चांगला जमला की तो आपला मालक. त्याचा स्टिल घ्या, चित्रावर राइट क्लिक करून ग्रॅब स्टिल, तो गॅलरीत जाऊन बसते. दुसऱ्या शॉटवर तो स्टिल डबल क्लिक केला की अर्धी स्क्रीन हा, अर्धी तो, मधली रेघ सरकवता येते. ग्रेड कॉपी करायचा असेल तं पुढचा शॉट निवडून जमलेल्या शॉटच्या छोट्या चित्रावर माउसचं मधलं बटन दाबा. कॉपी झाला म्हंजे जुळला असं नाही, अकराचं ऊन आणि दीडचं ऊन वेगळं, तुमचा कॅमेरा आणि मित्राचा कॅमेरा वेगळा. चेहऱ्याला चेहरा जुळवा. मागची भिंत थोडी इकडं-तिकडं असली तं पाहणाऱ्याला कळत नाही, नवरीचा रंग दोन शॉटमध्ये बदलला तं लगेच कळते.

आपल्याकडे बौद्ध पद्धतीची लग्नं भरपूर, नवरी पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्यात, मागं पंचशील ध्वज. इथं जुळवणं सोपं जाते कारण प्रत्येक शॉटमध्ये पांढरं आहे, परेडवर तीनही रंगांची वरची टोकं सारखी केली की झालं. पण जपायचं बी तेच. पांढरी साडी ९००-९५० च्या वर जाऊ देऊ नका, साडीचे काठ आणि चुण्या दिसल्या पाहिजेत.

आता स्टाइल

इथपर्यंत जे केलं ते करेक्शन, म्हंजे जसं होतं तसं दाखवणं. पाचव्या नोडमध्ये ग्रेडिंग, म्हंजे आपली चव. बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात आणि म्हणून फसतात.

लट म्हंजे एक तयार तक्ता, आत हा रंग आला की बाहेर तो रंग द्या, एवढंच. त्याला माहीत नसते की तुमचा शॉट अंडर आहे का ओव्हर. म्हणून तो शेवटी, आणि करेक्शनचे नोड त्याच्या आधी. लटवर राइट क्लिक न करता नोडच्या 'की' (Key) पॅनेलमध्ये जाऊन 'की आउटपुट' गेन १ वरून ०.४ किंवा ०.५ करा, लट अर्धा होते. पूर्ण ताकदीनं लावलेला लट मला आजवर एकदाच आवडला आहे. आणि एक, लॉगसाठी बनवलेला लट साध्या फुटेजवर टाकू नका, सगळं करपून जाते.

टील-ऑरेंज म्हणून जी फॅशन आहे, सावल्या निळ्या-हिरव्या आणि चेहरे नारंगी, ती आपल्याकडे जपून. एका १४ एप्रिलच्या मिरवणुकीचा व्हिडिओ मी तसा केला होता. निळे झेंडे सगळे मोरपंखी झाले. एक जण शांतपणे म्हणाला, "भाऊ, झेंडा निळा असते." रात्री बसून ह्यू व्हर्सेस ह्यू कर्व्हमध्ये (एकच रंग निवडून तो दुसऱ्याकडे सरकवायचा कर्व्ह) निळ्यावर क्लिक करून तो जागेवर आणला. भगवा, हिरवा, निळा, हळदीचा पिवळा, कुंकवाचा लाल, हे रंग लोकांना पाठ आहेत, ते सरकले की कोणालाही खटकते.

प्री-वेडिंगला पोरं-पोरी पऱ्हाटीच्या वावरात, नाहीतर वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागेत जातात. तिथं कॅमेऱ्याचा हिरवा फार प्लास्टिकसारखा येते. ह्यू व्हर्सेस ह्यूमध्ये हिरवा थोडा पिवळ्याकडे, ह्यू व्हर्सेस सॅटमध्ये थोडा कमी, झालं, पाला पाल्यासारखा दिसते आणि संत्रं आपोआप उठून येते, त्याला हात लावायची गरज नाही. मार्चमध्ये पळस फुललेला असला तं तिथं तं काहीच करू नका, तो आधीच भडक आहे, सॅच्युरेशन वाढवलं की नुसते नारंगी डाग. फुटलेल्या कापसाचं पांढऱ्या साडीसारखंच, वर चिकटू द्यायचा नाही.

झाडीपट्टीतल्या नाटकांचं शूटिंग येत असेल, वडसा, गडचिरोली, भंडारा, गोंदियाकडच्या मित्रांना दिवाळीनंतर येतेच, तं तिथं रंगीत एलईडी लाइट थेट नटाच्या तोंडावर असतात. निळ्या लाइटखाली परेडमध्ये फक्त निळा आभाळाला आणि लाल-हिरवा तळाला. त्यातून कातडीचा रंग काढता येत नाही, नाद सोडा. सॅच्युरेशन कमी करा, उजेड सांभाळा. रात्रभराचं नाटक आहे, प्रत्येक सीन सुधारत बसलात तं पुढची दिवाळी येईल.

बाहेर काढणे

डिलिव्हर पेज, एमपी४, एच २६४. यूट्यूबला टाकायचं असेल तं १०८० ला २५ फ्रेमसाठी त्यांची शिफारस ८ एमबीपीएसची आहे, मी दुप्पट देतो, अपलोडला वेळ लागते पण मांडवातली गर्दी फुटत नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवायचा तं डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून दाबून सगळा रंग चिवडून टाकते.

पेन ड्राइव्हचं मात्र लक्षात ठेवा. बाजारातले बरेच पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये असतात आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल जातच नाही. कॉम्प्युटर म्हणते फाइल फार मोठी आहे, तुम्ही म्हणता ३२ जीबीचा आहे, आणि पार्टी दारात उभी. एक्सफॅट केला तं फाइल जाते पण जुने टीव्ही वाचत नाहीत. मी हळद, लग्न, वरात अशा तीन वेगळ्या फाइली काढतो, प्रत्येक ४ जीबीच्या आत.

द्यायच्या आधी लॅपटॉप, स्वतःचा फोन आणि घरातला टीव्ही, तिन्हीवर पाहा, तेही सकाळी, ताज्या डोळ्यांनी. आणि पार्टीच्या घरी गेल्यावर पेन ड्राइव्ह लावायच्या आधी रिमोट मागून घ्या. दहातल्या आठ घरी टीव्ही व्हिविडवर असते, दुकानातून आला तसाच. मी गप्पा मारत मारत पिक्चर मोड स्टँडर्ड करतो, मग लावतो. मामांनी परवा विचारलंच, "टीव्हीले काय केलं हो?" म्हटलं, काही नाही, आवाज वाढवून राह्यलो.